मिलिमीटरकाकांच्या बेचाळीस खुणा

औषध रुग्णाला बरे करते आणि औषधाची नोंद रुग्णालयाला. दोन्ही एकाच वेळी साधले तर उत्तमच. पण निवड करायची वेळ आलीच, तर दोहोंपैकी नोंद जास्त टिकते, एवढे ध्यानात ठेवावे.

पूर्वी केमोथेरपी शिरेतून दिली जाई. रुग्ण खुर्चीत बसे, बाटली टांगली जाई, आणि एक परिचारिका दर वीस मिनिटांनी येऊन सुईकडे, बाटलीकडे आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून जाई. (चेहऱ्याकडे पाहण्याचा उल्लेख कोणत्याही कार्यपद्धतीत नाही. मी शोधला. तरी ती पाही.) पुढे विज्ञानाने प्रगती केली आणि यांतली काही औषधे गोळीच्या रूपात आली. गोळी घरी नेता येते. परिचारिका नेता येत नाही. त्यामुळे जे काम पूर्वी एक प्रशिक्षित व्यक्ती करी, ते आता रुग्ण, त्याची बायको आणि स्वयंपाकघरातले घड्याळ असे तिघे मिळून करतात. मनुष्यबळ तिपटीने वाढले (घड्याळ धरून), तरी आमच्या रुग्णालयाला चिंता वाटू लागली. चिंता वाटली की समिती नेमायची असते.

‘तोंडी केमोथेरपी रुग्णसुरक्षा व साहाय्य समिती’ अकरा जणांची होती. अकरा या आकड्यामागे अभ्यास होता. सभागृहात बारा खुर्च्या असून एकीचा पाय मोडलेला होता. सदस्यांत अध्यक्ष, उपाध्यक्ष, छपाई विभागाचे प्रमुख, अग्निशमन अधिकारी (विषयात ‘सुरक्षा’ हा शब्द असल्यामुळे), उद्यान अधीक्षक (त्यांना कोणत्याच समितीत घेतले नव्हते म्हणून) आणि इतर मान्यवर होते. कर्करोगाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या एक डॉक्टरही होत्या. त्या चौदा बैठकींपैकी दोनच बैठकींना आल्या. उरलेल्या बारा वेळी त्या रुग्ण तपासत होत्या. इतिवृत्तात ‘अनुपस्थित, कारण समाधानकारक नाही’ अशी नोंद आहे. गोळ्या मोजून देणाऱ्या काउंटरवरच्या ताईंना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या उठल्या तर काउंटरवर गोळ्या कोण देणार, हा विचार समितीने रुग्णहिताच्या दृष्टीने केला होता.

मी समितीचा समन्वयक (कंत्राटी). जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी ताजी असल्यामुळे इतिवृत्त लिहिणे, पाण्याच्या बाटल्या मोजणे आणि आकडेमोड ही शास्त्रीय कामे माझ्याकडे आली.

पाच महिन्यांत समितीने अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका सिद्ध केली. पहिली सहा पाने अध्यक्षांचे मनोगत, पुढची सहा उपाध्यक्षांचे (दोघांचे फोटो मोजपट्टीने मोजून समान ठेवले आहेत), त्यापुढे रुग्णालयाचा इतिहास, इमारतीचा नकाशा, आग लागल्यास काय करावे आणि कुंडीतल्या रोपांचे रुग्णाच्या मनावर होणारे सुपरिणाम. पान एकतीसवर गोळ्यांचा विषय येतो. तो मजकूर असा: ‘सकाळी एक व संध्याकाळी एक असे दिवसाला दोन डोस घ्यावेत. चौदा दिवस डोस घेऊन पुढचे सात दिवस गोळी बंद ठेवावी. अशा रीतीने एकवीस दिवसांच्या एका फेरीत एकूण बेचाळीस डोस पूर्ण करावेत.’ पुस्तिकेत सगळ्यात सोपी भाषा या पानावर आहे, असे सर्वांचे मत पडले. आकडेमोड माझी होती आणि ती मी कॅल्क्युलेटरवर दोनदा पडताळली होती. अकरा सदस्यांनी ‘वाचले व समजले’ असे लिहून खाली सह्या केल्या.

पुस्तिकेसोबत एक तक्ता दिला जाई. त्यात एकवीस दिवसांच्या, दिवसाला दोन, अशा चौकटी होत्या. सगळ्या चौकटी सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच रंगाच्या ठेवल्या, कारण भेदभाव नको, असे छपाई विभागाचे म्हणणे होते. तक्त्याखाली पाच नियम होते. चौथा महत्त्वाचा: ‘चौकटीत फक्त बरोबरची खूण करावी. अंक, शेरा किंवा अन्य चिन्ह आढळल्यास तक्ता बाद होईल.’ पाचवा: ‘एकूण खुणा बेचाळीस भरल्या पाहिजेत.’

याशिवाय रुग्णांची ये-जा कमी व्हावी म्हणून ‘फेरी वाचवा’ सुविधा सुरू केली. तिच्यात दोन फेऱ्यांच्या गोळ्या एकदमच घरी मिळत आणि मधली तपासणी वगळली जाई. आणि एक हेल्पलाइन होती. हेल्पलाइनवर आवाज माझा आहे. (एका नामवंत निवेदकाला विचारले होते. ते आजारी होते.) ‘ताप असल्यास एक दाबा, जुलाब असल्यास दोन दाबा’ असे करत मी नऊपर्यंत जातो. दोन तक्रारी असतील तर दोनदा फोन करावा, म्हणजे आकडेवारी स्वच्छ राहते. तक्रार या नऊंत बसत नसेल तर मी आपुलकीने म्हणतो, ‘कृपया पुस्तिकेतील तक्ता पूर्ण भरावा. आपले आरोग्य हीच आमची काळजी.’

पहिल्या टप्प्यात एकाच प्रकारची गोळी घेणारे साठ रुग्ण निवडले. त्यांतले एक मिलिमीटरकाका.

काका हवामान खात्याच्या वेधशाळेतून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षे रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला त्यांनी पर्जन्यमापक पाहून नोंद केली. चोवीस हजारांहून अधिक चौकटी भरल्या. एकही रिकामी नाही. पाऊस पडला तर जितके मिलिमीटर तितके लिहायचे, नाही पडला तर शून्य. रिकामी चौकट म्हणजे पाऊस नाही असे नव्हे, रिकामी चौकट म्हणजे निरीक्षक गैरहजर. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही ते साडेआठची नोंद करून मगच आले. (‘सगळे खोळंबले होते आणि हे आल्या आल्या म्हणाले, शून्य पूर्णांक चार,’ असे काकू सांगतात. अठ्ठेचाळीस वर्षे झाली, तो आकडा त्या विसरलेल्या नाहीत.) निवृत्तीनंतर काकांनी स्वतःच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आणि नोंदी चालू ठेवल्या. त्या कोणी मागितलेल्या नाहीत, हे त्यांच्या दृष्टीने गौण होते.

अशा माणसाच्या हातात बेचाळीस चौकटींचा तक्ता देणे ही समितीची सर्वांत यशस्वी निवड होती.

पहिले चौदा दिवस सगळे सुरळीत पार पडले. पंधराव्या दिवशी सकाळी काका पेला आणि गोळ्या घेऊन बसले आणि थबकले. काकू म्हणाल्या, “डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, आता आठवडाभर बंद म्हणून?”

“म्हणाल्या होत्या. पुस्तिकेतही आहे.”

“मग ठेवा की बंद.”

“त्याच पानावर पुढे बेचाळीस आहेत. आणि चौकटी छापल्यात. रिकामी कशी सोडू?”

“शून्य लिहा.”

“शून्य लिहिलं तर तक्ता बाद. नियम चार.”

काकूंनी पुस्तिका हातात घेतली, पान एकतीस वाचले आणि म्हणाल्या, “ज्यांनी लिहिलंय त्यांना तरी कळलंय का हे?” हा या प्रकल्पावर आलेला पहिला तज्ज्ञ अभिप्राय होता. तो कुठेही नोंदवला गेला नाही.

काका व्यवस्थित माणूस. त्यांनी हेल्पलाइनला फोन केला. माझ्या आवाजातल्या नऊ तक्रारी शेवटपर्यंत ऐकल्या, त्यांतली एकही आपली नाही हे प्रामाणिकपणे मान्य केले आणि थांबून राहिले. मग मी त्यांना तक्ता पूर्ण भरायला सांगितले. काकांनी ‘आभारी आहे’ म्हणून फोन ठेवला, सेवेला पाचपैकी पाच गुण दिले आणि गोळ्या घेतल्या.

एकविसाव्या दिवशी साठही तक्ते प्रवेशद्वारापाशी ठेवलेल्या पेटीत जमा झाले. मी ते मोजले. निष्कर्ष धक्कादायक होता. साठपैकी सत्तावन्न रुग्णांच्या खुणा अठ्ठावीसवरच थांबल्या होत्या. बेचाळीसपैकी अठ्ठावीस म्हणजे सहासष्ट पूर्णांक सदुसष्ट टक्के. मी लाल रंगात आलेख काढला. अध्यक्षांनी आलेख पाहिला आणि ते म्हणाले, “लोकांना स्वतःच्या जिवाचंही काही वाटत नाही.” उद्यान अधीक्षकांनी मान हलवली. रोपांचेही तसेच असते, ते म्हणाले.

सत्तावन्न निष्काळजी रुग्णांना त्याच दिवशी पत्रे गेली: ‘आपले चौदा डोस राहिले आहेत. ते त्वरित पूर्ण करावेत.’ रुग्ण घाबरले आणि घाबरलेला रुग्ण जिथे जातो तिथे गेले, म्हणजे काउंटरवर. ताईंनी प्रत्येकाला एकच सांगितले: “पत्र इथं ठेवा आणि घरी जा. एक गोळी जास्त घ्यायची नाही.” दोन दिवसांत काउंटरवर सत्तावन्न पत्रे जमली. ताईंनी त्यांतल्या एकाच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर समितीला चिठ्ठी लिहिली. पाठकोऱ्या कागदावरचा पत्रव्यवहार ग्राह्य नसल्यामुळे ती परत करण्याचे ठरले. त्याआधी मी ती आवक नोंदवहीत नोंदवली. वाचली नाही, वाचणे माझ्या कामांच्या यादीत नव्हते.

राहिले तिघे, ज्यांच्या बेचाळीसही खुणा पूर्ण होत्या. त्यांपैकी दोघांनी सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच झोकात, पेटीसमोर उभे राहून केल्या होत्या, असे पहारेकऱ्याने सांगितले. तिसरे मिलिमीटरकाका. त्यांच्या खुणांची शाई दोनदा बदललेली होती आणि प्रत्येक खूण चौकटीच्या बरोबर मध्यभागी होती. असा तक्ता खोटा असूच शकत नाही, हे कोणीही शास्त्रीय दृष्टीचा माणूस सांगेल. मी सांगितले. समितीने काकांना ‘आदर्श रुग्ण’ जाहीर केले. बरोबर खुणा केलेल्या काकांना अर्थातच पत्र गेले नाही, आणि पत्र गेले नाही म्हणून ते काउंटरवर आले नाहीत. सगळ्या व्यवस्थेत ताईंची गाठ फक्त या तिघांशी पडायची राहिली होती. त्यांतल्या ज्याच्याशी पडायला हवी होती तो हा.

सत्काराचा दिवस म्हणजे काकांचा गोळ्यांचा एकोणतिसावा दिवस. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात समारंभ होता. काका जिन्याने आले, टाचांवर. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, थांबायचे, मग पुढची पायरी. अध्यक्षांनी ते पाहिले आणि भाषणात ‘या वयातही तोलून-मापून पाऊल टाकणारे’ असा उल्लेख केला. सन्मानचिन्ह घेताना काकांनी ते बोटांनी न धरता दोन मनगटांत धरले. ही विनम्रता सर्वांना भावली. छायाचित्र आहे.

आभार मानायला उभे राहिल्यावर काकांनी खिशातून एक लेखी तक्रार काढली.

तक्रार मुद्देसूद होती. दोन फेऱ्यांचे मिळून चौऱ्याऐंशी डोस हवेत. प्रत्यक्षात काउंटरवरून छप्पन्न मिळाले. अर्थात अठ्ठावीस डोस कमी पडले असून आज सकाळची चौकट रिकामी आहे. निरीक्षकाच्या तेहतीस वर्षांच्या सेवेत असे प्रथमच घडत असल्याने योग्य ती दखल घ्यावी. ‘रिकामी’ हा शब्द काकांनी दोनदा वाचला.

समितीने तिथल्या तिथे चौकशी केली. पुस्तिकेत बेचाळीस, बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी वजा छप्पन्न अठ्ठावीस. वजाबाकी मी केली. तक्रार शंभर टक्के रास्त ठरली. आदर्श रुग्णाला कमी औषध दिले गेले, यापेक्षा लाजिरवाणे काय असणार? ‘उर्वरित अठ्ठावीस डोस दिलगिरीसह तत्काळ द्यावेत’ असा आदेश निघाला. अकरापैकी दहा सदस्य हजर होते. अकरावी सही डॉक्टरांच्या वतीने करण्यात आली. समितीच्या इतिहासात सर्वांत जलद झालेले काम म्हणून मी त्याची वेळ नोंदवली आहे: सहा मिनिटे.

आदेश, काका आणि काकू यांना घेऊन मी तळमजल्यावर आलो. काउंटरपुढे रांग होती. काकूंनी काकांना बाकावर बसवायचा प्रयत्न केला. काका रांगेतच उभे राहिले. आमचा नंबर आल्यावर मी आदेश खिडकीतून आत सरकवला. ताईंनी तो बाजूला ठेवला आणि काकांना विचारले, “किती उरल्या?”

“एकही नाही. म्हणून तर आलो. अठ्ठावीस कमी पडताहेत.”

ताईंनी कानावरची पेन्सिल काढली. “दोन फेऱ्यांच्या दिल्या होत्या मी. आज कितवा दिवस?”

“एकोणतीस.”

“शेवटची कधी घेतली?”

“काल संध्याकाळी साडेपाचला. गच्चीवरून आल्यावर.”

“मधले सात दिवस बंद ठेवल्या नाहीत?”

“चौकटी होत्या ना, ताई.”

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. “हात दाखवा.”

काकांनी हात पाठीमागे नेले. “काही नाही. हवेत कोरडेपणा आहे. आर्द्रता बावीस टक्क्यांवर आलीय.”

“दाखवा हो,” काकू म्हणाल्या. “मला चार दिवस हेच सांगताहेत. जेवणाचा घास धरता येत नाही आणि म्हणे आर्द्रता. तोंडात फोड आलेत, पोट सुटलंय. आणि गच्चीवर मात्र दोन्ही वेळा जायचंच.”

काकांनी हात पुढे केले. तळवे लालबुंद आणि तकतकीत झाले होते. बोटांच्या टोकांची साल निघत होती. पुस्तिकेत या लक्षणाला एक परिच्छेद दिलेला आहे, पान चव्वेचाळीस, रोपांच्या नंतर. मी तो स्वतः टंकलिखित केला होता. हात मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ताईंनी आता आदेश उचलून वाचला. “हे कुणी काढलं?”

“समितीनं,” मी म्हणालो. “अकरा सह्या आहेत.”

“मग त्या अकरा जणांना दे गोळ्या. यांना मी देणार नाही.”

“ताई, पण पुस्तिकेप्रमाणे...”

“तू शास्त्र शिकलायस ना रे?”

“हो.”

“चौदा दुणे?”

“अठ्ठावीस.”

“आणि छापलंय किती?”

मी पान एकतीस उघडून पाहिले. “आकडेमोड बरोबर आहे, ताई,” मी म्हणालो. “एकवीस दुणे बेचाळीस.”

“बरोबरच आहे,” ताई म्हणाल्या. “चुकतोय तो माणूस. त्याला सांग, सात दिवस कमी जग म्हणावं.” आणि खिडकी अर्धी ओढून घेऊन त्यांनी शेजारच्या खोलीकडे हाक मारली, “डॉक्टर, आत्ता. आतला रुग्ण नंतर बघा.”

डॉक्टर आल्या. (हाही बैठकीचाच वेळ होता.) त्यांनी काकांचे हात पाहिले, पाय पाहिले, तोंड उघडायला लावले आणि काकांपेक्षा काकूंना जास्त प्रश्न विचारले. गोळ्या बंद. लगेच रक्ताची तपासणी. तीन दिवस इथेच राहायचे. “आणखी अठ्ठावीस घेतल्या असत्या तर?” मी विचारले. डॉक्टरांनी चाकांची खुर्ची आणायला सांगितले. हे उत्तर आकड्यात बसवता येत नाही, म्हणून ते अहवालात नाही.

काकांना चाकांच्या खुर्चीची चिंता नव्हती. त्यांना चिंता तक्त्याची होती. “मग या सगळ्या रिकाम्याच राहणार?” त्यांनी विचारले. दुसऱ्या तक्त्यावरच्या उरलेल्या चौकटी ते बोट न टेकवता दाखवत होते.

खिडकीतून ताई म्हणाल्या, “काका, पाऊस नाही पडला त्या दिवशी काय लिहायचात?”

“शून्य. शून्य पूर्णांक शून्य मिलिमीटर.”

“मग तेच लिहा. गोळी नाही त्या दिवशी शून्य. नोंद पूर्ण, निरीक्षक हजर.”

“नियम चार आहे.”

ताईंनी हात बाहेर काढून तक्ता घेतला आणि नियम चारवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. काकांनी तो परत घेऊन नीट पाहिला. “दुरुस्तीशेजारी सही लागते,” ते म्हणाले. “कुणाची?”

“माझी,” ताई म्हणाल्या आणि केली.

काका खुर्चीत मागे टेकून बसले. गेले पंधरा दिवस असे टेकून बसले नव्हते, असे काकू नंतर म्हणाल्या. “आणि गच्चीवरचं?” त्यांनी काकूंना विचारले. “साडेपाचचं?”

“मी बघते,” काकू म्हणाल्या. “शून्यच असणार, पण बघते.”

तीन दिवसांचे पाच झाले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रेंगाळत, पण वर आल्या. पायांना महिनाभर मलम लागले. मग डॉक्टरांनी कमी मात्रेची गोळी सुरू केली. चौदा दिवस गोळी, सात दिवस बंद. बंदच्या आठवड्यात काका चौदा चौकटींत ०.० लिहितात, दशांश चिन्हासह. शिवाय रोज सकाळी साडेआठची गच्चीवरची नोंद झाली की काउंटरवर फोन करून वेधशाळेच्या सुरात सांगतात, “तळवे कोरडे, लाली नाही. तापमान छत्तीस पूर्णांक आठ. जुलाब शून्य. आकाश निरभ्र.” ताई रांगेतल्या एका माणसाच्या गोळ्या मोजता मोजता ऐकतात आणि “बरं” म्हणतात. एकूण चाळीस सेकंद. ही बातमी बाकावर बसणाऱ्या रुग्णांत पसरली. त्या सत्तावन्न निष्काळजी लोकांपैकी बरेच जण आता शून्य लिहितात आणि फोन करतात. एक शिंपीणबाई फोनवर आधी ताईंची तब्येत विचारतात, मग स्वतःची सांगतात. ताईंचे प्रश्न तीनच असतात: किती उरल्या, शेवटची कधी घेतली, हात कसे आहेत. त्यातून आतापर्यंत दोन जणांचा ताप आणि एकाची चुकून दुप्पट घेतलेली गोळी वेळेत सापडली. सकाळी फोन फार येऊ लागल्यामुळे मी काउंटरमागे एक स्टूल टाकून बसतो. माझा आवाज लोकांना ओळखीचा वाटतो. तो ऐकला की पुष्कळ जण सवयीने गप्प होतात आणि नऊपर्यंतची वाट पाहतात. मग मीच विचारतो, “हात कसे आहेत?”

समितीने अर्थातच चौकशी केली. निष्कर्ष असे: गुणाकार अचूक होता. सह्या वैध होत्या. हेल्पलाइन सुरू होती. रुग्णाने सूचना तंतोतंत पाळल्या. सबब, कोणाचाही दोष आढळत नाही. मात्र छापील तक्त्यावर पेन्सिलीने रेघ मारल्याबद्दल ताईंकडून खुलासा मागवण्यात यावा. ताईंनी खुलासा दिला. तो पाठकोऱ्या कागदावर असल्याने ग्राह्य धरता आला नाही.

तथापि समिती काळाबरोबर चालणारी आहे. पुस्तिकेला शुद्धिपत्र जोडले गेले (पान एकोणपन्नास). ताईंच्या तीन प्रश्नांचा आदर्श म्हणून स्वीकार झाला असून त्यांचा विस्तार एकशे बारा प्रश्नांपर्यंत करण्यासाठी उपसमिती नेमली आहे. बाराव्या खुर्चीचा पाय दुरुस्त करून ती ताईंना देण्यात आली. बैठकी सकाळी अकराला, म्हणजे काउंटरच्या ऐन गर्दीत असतात. ताई अद्याप आलेल्या नाहीत. कारण समाधानकारक नाही.

चौकशीत एक गोष्ट मात्र मनाला समाधान देऊन गेली. अकरापैकी चार सदस्यांनी सांगितले की, बेचाळीस हा आकडा चुकीचा असल्याचे त्यांना वाचतानाच जाणवले होते. पण एवढ्या माणसांनी वाचलेय तर बरोबरच असेल, किंवा दुसरे कोणी तरी बोलेल, म्हणून ते पुढच्या पानावर गेले. उरलेल्या सात जणांच्या ते लक्षातच आले नव्हते. दोन्ही गटांनी सही मात्र एकाच शाईने केली होती.

राहता राहिले तुम्ही. पान एकतीसवरचा मजकूर मी वर शब्दशः दिला आहे: दिवसाला दोन, चौदा दिवस घेऊन सात दिवस बंद, एकूण बेचाळीस. तुम्ही तो वाचलात. तुम्ही शिकलेले आहात, चौदा दुणे तुम्हाला येते, घरात कोणी ना कोणी रोज कसली तरी गोळी घेत असेल. तुम्ही वाचलेत आणि पुढे गेलात. तुमच्या लक्षात आले नसेल तर सात जणांच्या रांगेत बसा. आले असेल आणि तरी पुढे गेला असाल, तर चौघांच्या. बारावी खुर्ची रिकामीच आहे. पाय आता घट्ट आहे. बसा, आणि इथे सही करा.